तळ्यासमोर काही ठेवायचं नाही

त्या खोलीत दुपारी बाराला रात्र व्हायची आणि संध्याकाळी सातला उजाडायचं. यात घरातल्या कोणालाच काही वावगं वाटत नसे, कारण खोली आत्याची होती, आणि आत्याच्या बाबतीत वावगं वाटून घेणं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

खोली तळघरात होती. वर बाबांचं चष्म्यांचं दुकान. दुकानाच्या मागच्या दारातून बारा पायऱ्या उतरल्या की खाली आत्याची स्ट्रॉबेरी. हो, स्ट्रॉबेरी! ऊन नाही, वारा नाही, आभाळाचा एवढासा तुकडासुद्धा नाही, आणि तरी दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून चार-चार मजली मांडण्या, मांडण्यांवर नारळाच्या भुश्शात रुजलेली रोपं आणि प्रत्येक मजल्यावर गुलाबी-जांभळे दिवे. ते दिवे म्हणजे रोपांचं ऊन. रात्री बाहेर गारवा असतो, तेव्हा दिव्यांची उष्णता सोसते, म्हणून आत्याने ऊन रात्रीचं ठेवलं होतं आणि रात्र दुपारची. टकळी शाळा सुटून घरी यायची तेव्हा खाली गुडुप्प अंधार असायचा.

टकळी म्हणजे बाबांची मुलगी, नववीतली. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. बोलायला लागल्यापासून तिचं तोंड थांबलं नव्हतं, तेव्हा घरात दुसरं काय नाव पडणार? पण त्या दुपारच्या रात्रीत ती आपोआप गप्प व्हायची. हिरव्या काचेची बॅटरी लावायची. रोपांना हिरवा उजेड फारसा कळत नाही, त्यांची झोप मोडत नाही, असं आत्याचं म्हणणं. त्या उजेडात पानं पानांसारखी दिसतच नसत. ती माशांसारखी दिसत, एका जागी थांबून कल्ले हलवणाऱ्या. हवा जड, ओलसर, अंगाला चिकटणारी. टकळीला वाटायचं, आपण कुठल्यातरी तळ्याच्या तळाशी उभ्या आहोत आणि वर, खूप वर, बाबा लोकांना चष्मे घालतायत.

आणि तळं तर तिथे होतंच. म्हणजे कापडावरचं.

तळघर हा पूर्वी आबांचा फोटो स्टुडिओ होता. आबा म्हणजे टकळीचे आजोबा, आत्याचे आणि बाबांचे वडील. खोलीची समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकणारा एक पडदा होता, आणि त्यावर आबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं तळं. निळंशार पाणी, काठाला झुकलेली झाडं, एक रिकामी होडी, आणि चंद्र, जरा जास्तच मोठा. गावातल्या निम्म्या लोकांनी त्या तळ्याकाठी उभं राहून फोटो काढले होते. लग्न ठरलेल्या मुली, बक्षीस मिळालेले विद्यार्थी, नवा कोट शिवलेले काका. आबांचा नियम एकच: तळ्यासमोर काही ठेवायचं नाही. खुर्ची नाही, टेबल नाही, फुलदाणीही नाही. तळ्यासमोर फक्त माणूस. ज्याची उंची कमी पडेल त्याच्यासाठी एक लाकडी पेटी होती, ‘उंचीची पेटी’, आणि तीही फोटो झाला की लगेच बाजूला.

आबा गेले तेव्हा टकळी दोन वर्षांची होती. स्टुडिओ बंद झाला, कॅमेरे कपाटात गेले, पण नियम काही गेला नाही. आत्याने मांडण्या लावल्या त्या दोन्ही बाजूंना. तळ्यासमोरची मधली जागा लख्ख मोकळी. एवढ्या जागेत आणखी दोन मांडण्या बसतील, असं कोणी म्हणालं की आत्या त्या माणसाकडे असं बघायची, की तो चष्मा न घेताच दुकानातून निघून जायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आत्याची स्ट्रॉबेरी सडत होती.

पहिला बहर गेला. फळ लाल व्हायला आलं की त्याच्या गालावर राखाडी लव यायची, मऊ, उंदराच्या पाठीसारखी, आणि दोन दिवसांत अख्खा घड बसायचा. बुरशी. हवा दमट आहे म्हणून, आत्या म्हणाली, आणि तिने हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र आणलं. पांढरं, चाकांचं, टकळीच्या कमरेएवढं. पुढून दमट हवा ओढायचं, पोटात गार नळ्यांवर तिचं पाणी करायचं, खालच्या टाकीत साठवायचं आणि वरच्या जाळीतून कोरडी हवा सोडायचं. त्याचं कंपनीचं नाव लांबलचक होतं. टकळीने त्याचं नाव ठेवलं तहान्या.

तहान्याच्या कपाळावर आकडा उमटायचा, हवेत किती दमटपणा आहे त्याचा. आत्याने पन्नास लावून ठेवलं होतं. पन्नासच्या वर गेलं की तहान्या प्यायला लागायचा, खाली आलं की गप्प बसायचा. आणि आकडा रोज कसा, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. अगदी शहाण्या मुलासारखा.

तरी दुसरा बहरही गेला.

त्यानंतर आत्या बोलेनाशी झाली. आत्या न बोलणं म्हणजे काय, ते या घरातच कळतं. मग एक दिवस जेवताना तिने सांगून टाकलं. दुसऱ्या शहरात एका मोठ्या रोपवाटिकेत तिला बोलावलं होतं. बुधवारी जायचं, तीन दिवस काम बघायचं, शनिवारी परत. सोमवारी हो की नाही ते कळवायचं.

“आणि हो म्हणालीस तर?” टकळीने विचारलं.

“तर तिकडे राहायचं.”

“आणि खोली?”

“तिसरा बहर आता रंगावर येतोय. तो निघाला तर बघू. सडला,” आत्याने भात कालवता कालवता म्हटलं, “तर मग मला कळतंय असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू?”

आई तिच्या नोकरीमुळे आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी, बाबा दुकानात. शाळेतून आल्यावर जिच्याशी तोंड दुखेपर्यंत बोलायचं, ती आत्याच होती. आत्या गेली तर टकळीने बोलायचं कोणाशी, चष्म्यांच्या फ्रेमशी?

बुधवारी सकाळी आत्या बॅग घेऊन दारात उभी राहिली. “रोज टाकी रिकामी करायची. राखाडी फळ दिसलं की हळूच काढून पिशवीत. खोलीत खायचं नाही. बाकी कशाला हात लावायचा नाही. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

“कशाला हात लावायचा नाही.”

“शाबास. हे पहिल्यांदाच एका वाक्यात आटपलंस.”

दुपारी टकळी खाली उतरली. बॅटरी, अंधार, मासे. तहान्या पडद्यामागे राहायचा. तळ्यासमोर काही ठेवायचं नाही, म्हणून आत्याने त्याला तळ्याच्या मागे ठेवलं होतं, पडदा आणि भिंत यांच्यातल्या दोन हात रुंद बोळात, जिथे आबा पूर्वी दिवे ठेवायचे. टकळी पडद्याची कड उचलून आत शिरली. टाकी ओढून काढली. आत पाणी किती? फार तर पेलाभर. कपाळावर अठ्ठेचाळीस.

“पोट भरलं वाटतं साहेबांचं,” ती पुटपुटली.

तिच्याकडे बिस्किटांचा पुडा होता. (खोलीत खायचं नाही, बरोबर आहे. पण पडद्यामागे म्हणजे खोलीत का?) तिने दोन खाल्ली, तिसरं अर्धं झालं आणि तेवढ्यात वरून बाबांची हाक आली. अर्धं बिस्किट तहान्याच्या डोक्यावर राहिलं. पुडा बाहेर येताना डाव्या मांडणीच्या कडेला ठेवला, आणि तोही तिथेच राहिला, कारण उजेडाच्या गोलात तिला तिसऱ्या मजल्यावर काहीतरी दिसलं होतं.

एक फळ. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने राखाडी.

तिने श्वास रोखून ते काढलं, पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. “आले, आले!” असं वर ओरडून मग कितीतरी वेळ ती तळ्याकडे बघत बसली. लहानपणापासून तिचा हा खेळ होता. तळ्यात बेटं होती, खाली डाव्या कोपऱ्यात, करडी, धुक्यातून दिसावीत तशी. पहिली तीन होती. ती पाच वर्षांची होती तेव्हा त्यातल्या मोठ्या बेटावर तिने मनातल्या मनात घर बांधलं होतं, आणि होडी रोज तिला तिथे नेऊन सोडायची. मग बेटं वाढत गेली. मागच्या महिन्यात नऊ, आज अकरा. आबांनी जादूचं तळं काढलंय, ते अजून रंगतंय, असं तिने एकदा मैत्रिणीला सांगितलं होतं, आणि मैत्रीण पोट धरून हसली होती.

गुरुवारी दुपारी ती पुन्हा खाली उतरली. भूक लागली होती. मांडणीवरचा पुडा घेतला, बिस्किट तोंडात घातलं, आणि ते तोंडात वाकलं. मोडलं नाही, वाकलं! ओल्या पुठ्ठ्यासारखं. “शी!” म्हणत ती पडद्यामागे गेली, टाकी ओढली (पेलाभर), आणि तहान्याच्या डोक्यावर कालचं अर्धं बिस्किट. सहज तोंडात टाकलं.

कुर्रम.

टकळी चावता चावता थांबली. तोंडात घास, हातात टाकी, आणि डोक्यात काहीतरी टकटक करत होतं. एकाच पुड्यातली बिस्किटं. एकाच दिवशी उघडी राहिलेली. पडद्याच्या अलीकडे वाकतं, पलीकडे मोडतं.

तिने टाकी खाली ठेवली आणि आत्याच्या टेबलाचा खण उघडला. त्यात एक छोटं गोल घड्याळ होतं, वेळेचं नव्हे, दमटपणाचं. पूर्वी ते मांडणीला टांगलेलं असायचं. तहान्या आला तेव्हा तहान्या म्हणायचा अठ्ठेचाळीस आणि हे म्हणायचं ऐंशी. नव्या यंत्राचं खरं धरून आत्याने या बिचाऱ्याला ‘बिघडलंय’ म्हणून खणात टाकलं होतं.

टकळी ते घेऊन मांडण्यांच्या मधोमध उभी राहिली. बॅटरीच्या हिरव्या उजेडात काटा हळूहळू सरकत गेला, झोपेत चालल्यासारखा. चौऱ्याऐंशी. मग ती पडद्यामागे गेली आणि भिंतीला टेकून बसली. काटा उतरायला लागला. सत्तर. साठ. टकळीने मनातल्या मनात आबांच्या होडीत बसून तळं एकदा पार केलं. एकोणपन्नास. तहान्याच्या कपाळावरही एकोणपन्नास.

म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतं. कोणीच खोटं बोलत नव्हतं. तहान्या बिचारा बोळात बसून स्वतःचीच सोडलेली कोरडी हवा पुन्हा ओढत होता, आपलाच श्वास आपणच घेत होता, आणि समजत होता की सगळं जग कोरडं झालं. आणि पडद्याच्या त्या बाजूला पानं अंधारात श्वास सोडतायत, हवा गार होत जातेय, आणि ते सगळं पाणी फळांच्या गालांवर उतरतंय.

त्याला मधे आणायला हवं होतं. मांडण्यांच्या बरोबर मधे, चहूकडून हवा येईल तिथे. आणि मधे म्हणजे कुठे? खोलीत मोकळी जागा एकच होती.

ती बारा पायऱ्या चार उड्यांत चढून वर गेली. बाबा एका बाईंच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होते.

“बाबा, तहान्याला तळ्यासमोर ठेवायचं!”

बाबांनी काडी सोडली. बाई म्हणाल्या, “ओय!”

गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बिस्किटासकट. मग ते म्हणाले, “तुझं पटतंय मला. पण तळ्यासमोर? अगं, तुझी आत्या मला त्या तळ्यात बुडवेल.”

“कापडाचं आहे ते.”

“तिला काय अशक्य आहे? तिला विचार आधी.”

टकळीने फोन लावला. पलीकडे गोंगाट, पाण्याचे फवारे, कोणीतरी आकडे मोठ्याने वाचत होतं.

“बोल पटकन. फळं कशी आहेत?”

“कालपासून एकच गेलं. आत्या, मला...”

“एक गेलं?” आत्याचा आवाज खाली आला. “असंच सुरू होतं. एक, मग चार. तहान्या किती दाखवतोय?”

“एकोणपन्नास. पण आत्या, ऐक ना, मला वाटतं त्याला...”

“एकोणपन्नासला जर सडत असेल तर मग दोष माझाच. राहू दे गं. कशाला हात लावू नकोस. मला बोलावतायत.” आणि फोन बंद.

टकळीने फोन खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला हवं तेवढं बोलता आलं नव्हतं. मग तिने केस बांधले. केस बांधले म्हणजे टकळीचं ठरलं, हे बाबांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मुकाट्याने दुकानाच्या दारावर ‘अर्ध्या तासात येतो’ ची पाटी लावली.

ती पाटी पुढे तीन तास राहिली.

चाकं असल्यामुळे तहान्या बोळातून बाहेर आला तो एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासारखा, डुगडुगत. पडद्याची कड उचलून त्यांनी त्याला तळ्यासमोर उभं केलं आणि सुरू केलं. कपाळावर आकडा उमटला: त्र्याऐंशी. आणि तहान्या असा काही घुमायला लागला, की बाबा दोन पावलं मागे सरले.

“हा तर उपाशी होता गं!”

“तहानलेला, बाबा.”

वीस मिनिटांत टाकीचा तळ दिसेनासा झाला. टकळीने बोटांवर हिशेब केला आणि तिचा चेहरा उतरला. या वेगाने टाकी चार तासांत भरणार. टाकी भरली की तहान्या आपोआप बंद. सकाळी सातला ती शाळेत जाणार, बाराला खोलीत रात्र होणार, आणि दमटपणा सगळ्यात जास्त वाढतो तो त्या रात्रीच्या पहिल्या तासात. नेमका तेव्हाच हा भरल्या पोटी झोपलेला असणार.

“याला मागे भोक आहे,” बाबा वाकून म्हणाले. “नळी लावायचं. टाकीत न जाता पाणी थेट बाहेर.”

नळी होती. आणि पाणी सोडायला जागाही होती. उजव्या कोपऱ्यात आबांची फोटो धुवायची लांबट सिमेंटची मोरी, गुडघ्याएवढ्या काठाची. त्यांनी नळी लावली, जमिनीवरून नेली, मोरीच्या काठावरून आत सोडली, आणि हात झटकून वाट बघत बसले. मोरीत थेंब नाही. पाच मिनिटांनी टकळीचा मोजा ओला झाला. तहान्या मागून गळत होता.

“पाण्याला पायऱ्या चढता येत नाहीत, बाई,” बाबा म्हणाले. “भोक खाली, काठ वर. कसं जाणार ते?”

“मग भोक वर नेऊ.”

“म्हणजे?”

टकळीने बॅटरी कोपऱ्यात फिरवली. तिथे, मांडणीच्या आड, उंचीची पेटी होती. कडेला हजार चपलांनी झिजलेली.

बाबांनी पेटीकडे पाहिलं, मग तहान्याकडे. “तुझी आत्या पाच वर्षांची असताना या पेटीवर उभी राहून रडली होती. फोटो आहे. नाकातून...”

“बाबा, उचला.”

त्यांनी उचललं. बाबांच्या पाठीने एक आवाज काढला, तो नंतर आठवडाभर घरात ऐकू येत राहिला. पेटीवर चढल्यावर तहान्या चांगला रुबाबदार दिसायला लागला, फोटोला उभा असल्यासारखा. भोक आता मोरीच्या काठाच्या वर होतं. नळी मोरीपर्यंत पोचली, पण मधे तिने पोट सोडलं, ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी ती खाली लोंबली. त्या झोळात पाणी साचून राहिलं आणि परत मागे फिरलं. टकळीचा दुसरा मोजाही गेला, आणि बाबांचाही एक.

टकळी ओल्या पायांनी जमिनीवर बसली. वर बघत. आणि वर, छताखाली, तिला एक तार दिसली. आबांची फोटो वाळत घालायची तार. ती जन्मापासून तिथे होती, म्हणूनच कधी दिसली नव्हती. तिच्यावर एके काळी ओले फोटो टांगलेले असत, लग्न ठरलेल्या मुली, नवे कोट, थेंब थेंब गळणारी तळी. आता तिच्यावर चार लाकडी चिमटे उरले होते.

तिने तारेला सुतळी बांधली. एका सुतळीत नळी अडकवली, थोडं पुढे दुसऱ्या, जरा लांब सुतळीत, मग तिसऱ्या आणखी लांब. प्रत्येक टप्प्यावर नळी आधीपेक्षा बोटभर खाली. कुठे पोट नाही, कुठे चढ नाही. तहान्यापासून मोरीपर्यंत फक्त उतार.

बाबा आणि ती मोरीच्या काठावर बसून राहिले. वरती दिवे लागायची वेळ झाली. सात वाजले. एकेका मजल्यावर गुलाबी पहाट झाली, पानं माशांची पुन्हा पानं झाली, तळं जांभळं झालं. आणि नळीच्या तोंडाशी एक थेंब आला, फुगला, थांबला, पडला.

टप्.

“हे पाणी पानांनी सोडलेलं आहे, बाबा. रात्रभर घेतलेल्या श्वासांचं.”

“असेल. मला फक्त माझा मोजा वाळलेला हवाय.”

शुक्रवारी शाळेत टकळीला गणिताच्या तासाला तीनदा हाक मारावी लागली. तिच्या कानात टप् टप् चालू होतं. दुपारी ती धावत खाली आली. मोरीत थेंबांची बारीक धार लागलेली. छोटं घड्याळ तिने मांडणीला परत टांगलं होतं, ते म्हणत होतं अठ्ठावन्न. रोपांच्या रात्रीचं, खऱ्या मधोमधचं अठ्ठावन्न. तिने हिरव्या उजेडात एकेक पान उचललं. फळं गार, घट्ट, कोरडी. एकही राखाडी नाही. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण उद्या आत्या येणार होती, आणि तहान्या तळ्यासमोर उभा होता, आबांच्या पेटीवर.

शनिवारी सकाळी नऊला आत्या आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती थेट खाली उतरली. टकळी तिच्या मागे, बाबा टकळीच्या मागे, म्हणजे पळायला सगळ्यात जवळ.

शेवटच्या पायरीवर आत्या थांबली.

गुलाबी ऊन होतं. तळं होतं. आणि तळ्यासमोर, चंद्र बरोबर डोक्यावर घेऊन, तहान्या घुमत होता.

“हे,” आत्या म्हणाली, “काय आहे?”

टकळीने तोंड उघडलं. आणि काय आश्चर्य, त्यातून काहीच बाहेर पडेना. तिने नुसतं खिशातून बिस्किट काढून आत्याच्या हातावर ठेवलं. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग त्यांनीच सगळं सांगितलं. बोळ, स्वतःचाच श्वास, खणातलं घड्याळ, तार. आत्या ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. ती मांडण्यांजवळ गेली. डावीकडून सुरू करून तिने प्रत्येक मजल्यावरची पानं उचलली. खूप वेळ लागला. उजव्या मांडणीच्या शेवटच्या मजल्याशी ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“बुधवारपासून किती गेली?”

“एक,” टकळीला आवाज सापडला. “फोनवर सांगितलं ते. त्यानंतर एकही नाही. शप्पथ.”

“तळ्यासमोर काही ठेवायचं नाही, हे माहीत होतं ना तुला?”

“हो.”

“आणि मी सांगितलं होतं, कशाला हात लावायचा नाही.”

“हो. पण आत्या, पडद्यामागे ठेवलं तर त्याला खोली दिसतच नाही गं. आणि आबांनी तरी तळ्यासमोर काय उभं केलं? जिवंत माणसं. मग हा तर श्वास घेतो. आणि पाणी पितो. आणि तुझ्यापेक्षा कमी रागावतो!” बांध फुटला होता. “आणि मी त्याला अगदी कडेला ठेवणार होते, म्हणजे बेटं झाकली जाणार नाहीत असं, पण मग हवा...”

“कुठली बेटं?”

“तळ्यातली. ही काय. मी पाच वर्षांची होते तेव्हा तीन होती. आता अकरा आहेत.”

आत्या सावकाश पडद्यापाशी आली. डाव्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली आणि एका करड्या बेटावरून बोट फिरवलं. बोटाचं टोक राखाडी झालं.

“या तळ्यात बेट नव्हतं,” ती म्हणाली.

“एकही?”

“एकही नाही. आबा रंगवत होते तेव्हा मी शेजारी बसून ब्रश धूत होते.”

टकळीला वाटलं, पायाखालची होडी कोणीतरी काढून घेतली. इतकी वर्षं ती ज्या घरात जाऊन राहायची, ते घर, तो काठ, ते धुकं, सगळी बुरशी. मोठ्या बेटावर तिने खिडकीसुद्धा ठेवली होती. तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचंच हसू आलं, दोन्ही एकदम.

“तळ्यासमोर काही ठेवायचं नाही, काही ठेवायचं नाही,” आत्या स्वतःशीच म्हणत होती, “आणि मी ते तळं सडवत बसले होते. फळांच्या आधीपासून.” तिने बोट ओढणीला पुसलं. “दादा, मऊ ब्रश आहे का रे दुकानात? काचा पुसायचा?”

“आहे की.”

“आण. आणि तिकडच्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, तो...” ती उठली. “नको. मीच करते फोन.”

“सोमवारी कळवायचंय ना?” टकळीने भीत भीत विचारलं.

“तिकडे काचघर केवढं आहे माहितीये? या टोकाहून ते टोक दिसत नाही. सगळं यंत्रं बघतात. मी फक्त यंत्रांच्या कपाळावरचे आकडे वाचायचे आणि ते खरे धरायचे.” ती तहान्याकडे बघून म्हणाली, “ते काम मी इथे करून पाहिलंय. नाही म्हणायला सोमवार कशाला हवा?”

टकळीने तिला एवढ्या जोरात मिठी मारली, की खांद्यावरची बॅग पडली.

“पुरे! केस जातायत माझ्या तोंडात. उद्या सकाळी सहाला खुडायला यायचं. नखं कापून. आणि हे बिस्किट,” आत्याने मूठ उघडली, “खोलीत खायचं नाही असं मी कोणाला सांगितलं होतं?”

“पडद्यामागे म्हणजे...”

“पडद्यामागे म्हणजे खोलीतच.”

बाबा ब्रश आणायला वर गेले. आत्या मोरीच्या काठावर बसून नळीचा उतार बोटाने तपासत होती, एकेक सुतळी, एकेक टप्पा, आणि कुठेच काही चूक सापडत नसल्यामुळे जराशी नाराज दिसत होती. टकळी खोलीच्या मधोमध उभी होती. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

तहान्याच्या जाळीतून सुटलेली कोरडी हवा पडद्यावर जात होती. अगदी हलकी. कापडाला त्यातून एक संथ लाट येत होती, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून. पाणी हललं. झाडं पाण्यावर झुकली. आणि इतकी वर्षं एका जागी बांधलेली ती रिकामी होडी, टकळीने डोळे बारीक करून पाहिलं, काठापासून किंचित सुटली.